उणा आहार आणि श्रमाचा थकवा

चिटगुप्पा, हुमनाबाद, बसवकल्याण या बाजूच्या गावांतून पहाटे बाहेर पडले असता रस्त्याच्या कडेने धावणारी तरुण मुले आणि भरभर चालणारी प्रौढ माणसे दृष्टीस पडतात. कोणी पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणाला मधुमेहासाठी रोज चालण्याचा सल्ला मिळालेला असतो, तर कोणी वाढलेले वजन उतरविण्याच्या निश्चयाने घराबाहेर पडलेला असतो. यांतील पुष्कळांनी व्यायामाबरोबरच आहारही कमी केलेला असतो. पहिले आठ-दहा दिवस उत्साहात जातात. पुढे मात्र एक तक्रार वारंवार कानी येते. व्यायामाने अंगात तरतरी यावयाची, त्याऐवजी पाय जड होतात, दुपारी डोळे मिटू लागतात, चिडचिड वाढते आणि रात्री झोपही नीट लागत नाही.

हा थकवा आळसामुळे येतो, किंवा सवय नसल्यामुळे येतो आणि नेटाने व्यायाम वाढविला की तो नाहीसा होतो, असा समज सर्वत्र आहे. सवय नसलेल्या शरीराला प्रारंभी काही दिवस थकवा जाणवतो हे खरे. तथापि, ज्याने जेवण तोडून श्रम वाढविले आहेत त्याचा थकवा बहुधा निराळ्या जातीचा असतो. ती शरीराने दिलेली सूचना असते. तिचा अर्थ न समजता श्रम वाढविल्यास शक्ती येण्याऐवजी ती घटते आणि प्रसंगी आजारही ओढवतो. म्हणून या थकव्याची कारणे, त्यावरील उपाय आणि त्यातील धोके यांचा विचार येथे केला आहे.

ऊर्जेचा जमाखर्च

शरीराला लागणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तेल, तूप अशा स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. माणूस काहीही न करता स्वस्थ बसला तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. या स्वस्थ स्थितीत दर किलो वजनामागे दर तासाला साधारणतः १ उष्मांक खर्ची पडतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचा खर्च तासाला ६० उष्मांक होतो. तोच माणूस तासाला पाच किलोमीटरच्या गतीने चालू लागला की खर्च सुमारे साडेतीन पटींनी वाढून २०० उष्मांकांच्या घरात जातो. तासाला आठ किलोमीटरच्या गतीने धावल्यास तो आठ पटींच्या आसपास, म्हणजे ५०० उष्मांकांच्या जवळ पोहोचतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था या विषयातील आपल्या देशाची प्रमुख संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी काढलेल्या लहानशा केंद्रातून ती वाढली व १९५८ साली हैदराबादेस आली. या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठे काम असल्यास रोज २,११० उष्मांक, मध्यम श्रमाचे काम असल्यास २,७१० आणि जड श्रमाचे काम असल्यास ३,४७० उष्मांक लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० असे आहेत.

हे आकडे ताटाशी ताडून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. वजन उतरविण्याच्या हेतूने एखाद्या स्त्रीने दिवसभरात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, एक वाटी पातळ वरण, थोडी भाजी, लहान वाटीभर भात आणि दोन कप चहा एवढाच आहार ठेवला असे समजू. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीपासून सुमारे २०० उष्मांक मिळतात, म्हणून दोन भाकऱ्यांचे ४०० झाले. वरणाचे ७०, भाजी व तिच्यातील तेलाचे ८०, भाताचे १०५ आणि दूधसाखरेच्या दोन कप चहाचे १२० धरले, तर एकूण बेरीज ७७५ भरते. बैठे काम करणाऱ्या स्त्रीच्या गरजेच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. अशा आहारावर ती स्त्री पाणी आणते, घरकाम करते, खुरपणीस जाते आणि वर पहाटे तासभर चालते. तिला थकवा आला नाही तरच आश्चर्य.

काटक्या आणि ओंडका

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. शरीरावर चरबी साठलेली असताना शक्ती कमी का पडावी? आहारात जे उणे पडते ते चरबीतून भरून निघावे, म्हणूनच तर आहार कमी केलेला असतो. शंका योग्य आहे, आणि तिच्या उत्तरातच या थकव्याचे मर्म आहे.

चूल पेटविताना प्रथम काटक्या लावाव्या लागतात. काटक्या चटकन पेटतात, मोठा जाळ देतात आणि लवकर संपतात. ओंडका पुष्कळ वेळ जळतो, परंतु तो सावकाश पेट घेतो आणि एकदम मोठा जाळ देऊ शकत नाही. शरीरातही इंधनाचे असेच दोन साठे आहेत. पहिला साठा ग्लायकोजन या साखरेच्या साठवलेल्या रूपाचा. तो स्नायूंत सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे सगळा मिळून दोन हजार उष्मांकांपेक्षा फारसा अधिक नाही. दुसरा साठा चरबीचा. सडपातळ माणसाच्या अंगावरही साठ-सत्तर हजार उष्मांकांइतकी चरबी असू शकते.

सावकाश चालताना शरीर चरबीचा बराच उपयोग करू शकते. परंतु धावणे, चढ चढणे, ओझे उचलणे, कुदळ चालविणे अशा जोराच्या कामात स्नायूंना जितक्या त्वरेने ऊर्जा लागते तितक्या त्वरेने ती चरबीतून निघत नाही. तेथे ग्लायकोजनच उपयोगी पडते. आहार तोकडा असला, आणि त्यातही भाकरी-भात अगदी कमी केलेला असला, म्हणजे आदल्या दिवशी रिता झालेला हा साठा दुसऱ्या दिवसापर्यंत भरून निघत नाही. रोज थोडा थोडा तोटा साचत जातो आणि आठ-दहा दिवसांनी पाय उचलत नाहीत अशी अवस्था होते. प्रारंभी उत्साह का असतो व नंतर तो एकाएकी का मावळतो, याचे कारण बहुतांशी हेच आहे.

यकृतातील साठ्याची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम साखर लागते आणि दोन जेवणांमधील काळात ती यकृत पुरविते. रात्रभराच्या उपवासाने हा साठा पहाटेपर्यंत बराच उतरलेला असतो. रात्री जेवण टाळून पहाटे उपाशीपोटी धावावयास जाणाऱ्याला घाम सुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे प्रकार होतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

थकव्याची इतर कारणे

साखरेचा साठा संपत आला की शरीर प्रथिनांपासून साखर बनवू लागते आणि त्यासाठी स्नायूंची मोडतोड करते. ज्या स्नायूंना बळकटी यावी म्हणून व्यायाम करावयाचा, तेच अशा रीतीने इंधन म्हणून खर्ची पडतात. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत असते. ती भरून येऊन स्नायू पूर्वीपेक्षा दणकट होतात, पण या दुरुस्तीसाठी प्रथिने, पुरेशी ऊर्जा व झोप या तिन्हींची गरज असते. त्यांची वाण पडली तर अंगदुखी दिवसेंदिवस टिकून राहते.

दुसरे कारण पाणी व मीठ यांच्या कमतरतेचे आहे. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा रिता होताना हे पाणी लघवीवाटे निघून जाते व त्याबरोबर क्षारही जातात. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरल्याचा जो आनंद होतो तो बव्हंशी या पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे. उन्हाळ्यात घामाची त्यात भर पडते. उठताना चक्कर येणे, डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही याची चिन्हे होत.

तिसरे कारण रक्तक्षय. प्राणवायू फुप्फुसांतून स्नायूंपर्यंत नेण्याचे काम रक्तातील लोहयुक्त रंगद्रव्य करते. ते कमी असेल तर थोड्या श्रमानेही धाप लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयोगटातील स्त्रियांपैकी कर्नाटकात ४७.८ टक्के व महाराष्ट्रात ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ दर दुसरी स्त्री मुळातच उण्या रक्तावर श्रम करीत आहे. तिने आहार आणखी कमी केला तर लोहाचा पुरवठाही त्याबरोबर कमी होतो.

चौथे कारण शरीराच्या काटकसरीचे. मिळकत घटल्यावर शहाणा गृहस्थ खर्चाला हात आखडता घेतो, तसे शरीरही करते. अन्न फार दिवस कमी मिळाले की ते आपला मूळचा खर्च कमी करते. हातपाय गार पडतात, नाडी मंदावते, हालचाली नकळत कमी होतात, कशात लक्ष लागत नाही. स्त्रियांमध्ये मासिक पाळी लांबते वा थांबते, कारण जगण्यासाठी तातडीचे नसलेले काम शरीर प्रथम बंद ठेवते. कसून सराव करणाऱ्या पण पुरेसे न खाणाऱ्या खेळाडूंमधील या अवस्थेकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली लक्ष वेधले. अशी अवस्था लांबल्यास हाडे ठिसूळ होतात आणि ती मुलगे व मुली या दोघांतही उद्भवू शकते, हे आता मान्य झालेले आहे.

दुष्काळी कामांनी दिलेला धडा

उण्या आहारावर श्रम केल्यास काय होते, हे आपल्या भागाला पुस्तकांतून शिकण्याची गरज पडलेली नाही. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनचे पठार होरपळून निघाले. मुंबई व मद्रास इलाख्यांप्रमाणे हैदराबाद व म्हैसूर ही संस्थानेही त्यात सापडली. त्या वेळी सरकारने दुष्काळी कामे काढली होती. जानेवारी १८७७ मध्ये लॉर्ड लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी खर्चात काटछाट करण्यासाठी मजुरीचा दर उतरविला. प्रौढ पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर अल्पशी रोख रक्कम पुरेशी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. एवढ्या धान्यावर माणूस स्वस्थ बसूनही तग धरणार नाही, मग खडी फोडण्याची गोष्टच दूर, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी अशा मजुरीवर काम करण्याचे नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रास सरकारने त्याच वर्षी मजुरी वाढविली.

आजच्या हिशेबाने पाहता ४५० ग्रॅम धान्यापासून जेमतेम दीड हजार उष्मांक मिळतात. जड काम करणाऱ्या ५० किलो वजनाच्या लहान चणीच्या पुरुषासही अडीच हजारांहून अधिक उष्मांक लागतात. म्हणजे रोज किमान हजार उष्मांकांची तूट होती. त्या मजुरांच्या संथ हातांना कामचुकारपणा म्हणणारे अधिकारी होते. वस्तुतः ते हात उपाशी होते.

महाराष्ट्रात १९७२-७३ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर ऐन भरात ५० लाखांच्या आसपास माणसे राबत होती. परदेशांतून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण मराठवाड्यातील व सीमाभागातील वडीलधाऱ्या मंडळींना आजही आहे. श्रमिकाला मजुरी देऊन भागत नाही, कामाच्या जागी त्याच्या पोटात ऊर्जा देणारे अन्नही गेले पाहिजे, हे तत्त्व त्या सुकडीच्या वाटपामागे होते. पुढे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले.

मिनेसोटा येथील प्रयोग

याच विषयावरील एक शास्त्रीय प्रयोग प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, हा प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना रोज सरासरी १,५७० उष्मांकांच्या सुमाराचा आहार दिला गेला आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर चालणे आवश्यक ठरविले गेले. टेंपल यांच्या शिध्याशी हा आकडा किती जवळचा आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. जिना चढणे जिवावर येऊ लागले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, चक्कर येऊ लागली, हृदयाचे ठोके मंदावले. विनोद व मैत्री यांतील रस संपला आणि रात्रंदिवस अन्नाचेच विचार मनात घोळू लागले. स्वस्थ स्थितीतील ऊर्जाखर्चही पुष्कळ खाली आला. पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यानंतरही शक्ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागले. या तरुणांत आळशी कोणी नव्हते. श्रम टाळण्याची वृत्ती आणि मनाची मरगळ ही अपुऱ्या आहाराची लक्षणे आहेत, हे या प्रयोगाने निर्विवादपणे दाखवून दिले. कमी आहारावर असलेल्या माणसाला घरच्यांनी व शिक्षकांनी बोल लावण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

वजन कमी करावयाचेच असल्यास

याचा अर्थ वजन कमी करू नये असा नाही. ज्यांचे वजन खरोखर प्रमाणाबाहेर आहे त्यांना ते उतरविल्याने मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांत लाभ होतो. प्रश्न गतीचा व पद्धतीचा आहे. आठवड्याला अर्धा किलो वजन कमी होणे सुरक्षित मानले जाते. त्यासाठी रोजच्या गरजेतून साधारण ५०० उष्मांक कमी केले तरी पुरतात, आणि त्यांतलेही काही व्यायामाने व काही आहारातून कमी करता येतात. दिवसाचा आहार १,००० उष्मांकांखाली कधीही नेऊ नये. त्याहून कडक पथ्य केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच पाळावे.

काय कमी करावे यालाही महत्त्व आहे. चहातील साखर, भजी व फरसाण, बाटलीबंद गोड पेये, बिस्किटे, भाजीवर तरंगणारे तेल यांना प्रथम कात्री लावावी. डाळ, उसळ, ताक, दूध, पालेभाजी यांना लावू नये. पुष्कळ जण याच्या उलट करतात. जेवण टाळतात आणि भूक मारण्यासाठी चारपाच कप चहा घेतात. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतो, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे.

व्यायाम व आहार या दोहोंतील बदल एकाच दिवशी सुरू करू नयेत. प्रथम दोन-तीन आठवडे नुसते चालावे, नंतर आहार हळूहळू बदलावा. जोराच्या व्यायामाच्या सुमारे तासभर आधी एखादे केळे किंवा अर्धी भाकरी व गुळाचा खडा घ्यावा. व्यायामानंतर तास-दीड तासात भाकरी व उसळ वा डाळ असे सकस जेवण घ्यावे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १६० उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिने असतात. फुटाण्यांत प्रथिने जवळजवळ तितकीच आणि उष्मांक त्याहून कमी. आठवड्यातून एक-दोन दिवस जोराच्या व्यायामास सुट्टी द्यावी आणि रात्री सात-आठ तास झोप घ्यावी.

आपल्या शेतात आहे ते

शक्तीसाठी महागड्या डब्यांतील पूड विकत घेण्याची प्रथा तरुणांत पसरू लागली आहे. बिदर-कलबुर्गी भागात तिची गरज क्वचितच भासावी. ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, करडई, भुईमूग हे सर्व येथे पिकते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तृणधान्य व डाळ एकत्र खाल्ल्याने एकातील प्रथिनांची उणीव दुसऱ्यातून भरून निघते, हे पोषणशास्त्र आज सांगते. आपल्याकडील भाकरी-वरणाची जोडी फार पूर्वीपासून तेच करीत आली आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस रोज सुमारे ४६ ग्रॅम व ६५ किलो वजनाच्या पुरुषास ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण वा उसळ, एक-दोन पेले ताक किंवा दूध व मूठभर दाणे असले, आणि चालत असल्यास अंडे घेतले, तर भाकरीतील प्रथिने धरून ही गरज सहज भागते.

मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे कन्नड शेजाऱ्यांच्या एळ्ळ अमावस्येला, या भागातील कुटुंबे शेतात जेवावयास जातात. त्या दिवशीची भज्जी म्हणजे अनेक भाज्या, ओल्या शेंगांचे दाणे व बेसन यांचा मेळ. तिच्याबरोबर भाकरी व आंबील असते. पोषणाच्या दृष्टीने याहून समतोल ताट सांगणे कठीण. ज्वारीचे पीठ, ताक व मीठ यांची आंबील तर उन्हात श्रम करणाऱ्याला पाणी, क्षार व ऊर्जा एकाच वेळी देते. वर्षातून एकदा होणारा हा बेत साध्या रूपात आठवड्यातून दोनतीनदा व्हावयास हरकत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा घेतला, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते.

उपवास आणि श्रम

एकादशी, श्रावण, नवरात्र वा रमजानचे रोजे यांत आहाराची वेळ व प्रकार बदलतो. साबुदाण्यापासून १०० ग्रॅममागे ३५० च्या आसपास उष्मांक मिळतात, पण त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. म्हणून त्याबरोबर दाण्याचे कूट, दूध, ताक व फळे घ्यावीत. उपवासाच्या दिवशी जोराचा व्यायाम न करता हलके चालावे. रोजा ठेवणाऱ्यांनी व्यायाम रोजा सोडल्यानंतर करावा. आषाढी वारीला पायी जाणारे वारकरी अनेक दिवस चालतात आणि त्यात उपवासाचे दिवसही येतात. तरी ही वाटचाल तडीस जाते, कारण वाटेवरील गावे त्यांना भाकरी-पिठले, फराळ व पाणी देत असतात. चालणाऱ्याला खाऊ घातले पाहिजे, हे या परंपरेने ओळखलेले आहे.

मधुमेहींसाठी विशेष सूचना

जे इन्शुलिन घेतात, किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवण कमी करून व्यायाम वाढविल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे, एकट्याने दूर जाऊ नये व खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी वा साखर घालू नये. त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे.

कोणता थकवा अंगावर काढू नये

व्यायामानंतरचा साधा थकवा रात्रीच्या झोपेने व चांगल्या जेवणाने दुसऱ्या दिवशी उतरतो. पुढील चिन्हे आढळल्यास मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

१. छातीत दुखणे, छातीत धडधडणे, बेशुद्ध पडणे वा थोड्या चालण्यानेही धाप लागणे.

२. व्यायाम व आहार सुधारूनही दोन-तीन आठवडे थकवा न हटणे.

३. मासिक पाळी तीन महिने न येणे.

४. जोराच्या श्रमानंतर लघवी काळपट तांबडी होणे. स्नायूंना गंभीर इजा झाल्याचे हे लक्षण असू शकते आणि त्याने मूत्रपिंडांना अपाय होतो.

५. आहार कमी न करताही वजन घटत जाणे. त्यासोबत दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला वा ताप असल्यास क्षयरोगाची, आणि तहान व लघवी वाढल्यास मधुमेहाची तपासणी आवश्यक आहे.

अशक्तपणा वाटताच सलाईन लावून घेण्याची सवय खेड्यांतून आढळते. साध्या सलाईनच्या एका बाटलीत मीठ व पाणी असते. ग्लुकोज असले तरी पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीतून मिळणारी ऊर्जा जेमतेम १०० उष्मांकांची, म्हणजे अर्ध्या भाकरीएवढी असते. तेवढ्या खर्चात घरी आठवडाभराची डाळ येते.

शिक्षक व कर्मचारी यांचे साहाय्य

शाळेतील कवायतीत किंवा क्रीडास्पर्धेच्या सरावात एखादी मुलगी वारंवार मागे पडत असेल, तर तिला दटावण्याआधी ती सकाळी काय खाऊन आली हे शिक्षकांनी विचारावे. वाढत्या वयातील मुलांना वजन उतरविण्याचे पथ्य स्वतःच्या मनाने करू देऊ नये. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुले प्रत्यक्ष घेतात की नाही याकडेही लक्ष असावे. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना, शर्यत १,६०० मीटरची असो की ८०० मीटरची, ती आदल्या अनेक दिवसांच्या जेवणावर धावली जाते हे समजावून सांगावे. आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांनी घरभेटीच्या वेळी घरातील स्त्री सर्वांच्या शेवटी व उरलेले जेवते काय, याची चौकशी करावी. तिने ठरवून आहार कमी केलेला नसतो, परंतु तिच्या शरीराच्या दृष्टीने परिणाम एकच होतो.

श्रम आणि अन्न यांचा मेळ राखणे एवढेच येथे सांगावयाचे आहे. व्यायाम अवश्य करावा, वजन जास्त असेल तर ते सावकाश उतरवावे, आणि शरीर थकल्याचे सांगू लागले तर प्रथम आपले ताट तपासावे. ताट पुरेसे असूनही थकवा हटत नसेल, तर आरोग्य केंद्राची पायरी चढण्यास विलंब करू नये.